जड स्क्वॉट मारताना गुडघे सांभाळायचे कसे : पहिल्यांदा बार खांद्यावर घेणाऱ्यांसाठी

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत उतरायला जांभ्या चिऱ्याची पाखाडी आहे. बेचाळीस पायऱ्या. पावसात शेवाळ धरतं म्हणून आई दर चार दिवसांनी त्यावर ब्लीचिंग पावडर टाकते. याच पाखाडीवर एका सकाळी माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, सुई टोचावी तशी कळ आली. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. लावणीच्या दिवसांत दोन महिने जिम बंद ठेवली होती. ऑगस्टमध्ये परत गेलो आणि तीन आठवड्यांत स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठण्यात, पुन्हा १०० किलोवर पोचलो. मांड्यांना ते वजन जड गेलं नाही. गुडघ्याला गेलं, पण त्याने ते सांगायला तीन आठवडे घेतले.

त्यानंतर आठ महिने माझे असेच गेले. कुणी म्हणालं स्क्वॉट सोड, कुणी म्हणालं पट्टा बांध. एका जिममधल्या प्रशिक्षकाने सांगितलं की गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नकोस. मी ते इमानाने पाळलं आणि गुडघ्याबरोबर कंबरही धरली. आता मी रत्नागिरीत नव्या मुलामुलींना बार धरायला शिकवतो. पहिल्याच दिवशी त्यांना जे सांगतो ते इथे लिहितोय. स्क्वॉटने गुडघे झिजतात ही भीती मनातून काढून टाका. पण वजन किती घाईने वाढवता याची भीती मात्र ठेवा.

आधी गुडघा ओळखून घ्या

मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली, पुढे वाटी. मांडीचे पुढचे चार स्नायू एकत्र येऊन वाटीला धरतात, आणि वाटीपासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. हा पॅटेलर टेंडन. जड स्क्वॉटमध्ये सगळ्यात जास्त तक्रार करतो तो हाच. दोन हाडांच्या मध्ये चकत्यांसारख्या दोन गाद्या असतात आणि हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातूनच तिला पोषण मिळतं, तेही दाब पडून सुटला की, स्पंज पिळून सोडल्यासारखं. म्हणून गुडघा अजिबात न वापरणं हा त्याला जपण्याचा उपाय नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुडघा हा घोटा आणि खुबा यांच्या मधला सांधा. घोटा वाकत नसेल किंवा खुब्याचे स्नायू झोपलेले असतील, तर त्यांच्या वाटचं काम गुडघ्यावर येऊन पडतं. दुखतो गुडघा, पण चूक बहुतेक वेळा वरची किंवा खालची असते.

सुरुवात करण्याआधी एक चाळणी लावा. गुडघ्याला सूज असेल, चालताना तो अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा खेळताना कधी आत 'फट्' असा आवाज होऊन तो सुजला असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसता कट्कट् आवाज येतो आणि दुखत नाही, तर घाबरायचं कारण नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाचा पहिला प्रश्न हाच असतो, "दादा, गुडघा वाजतो, थांबू का?" दुखत नसेल तर थांबू नका.

घोट्याची परीक्षा

हे आजच, घरच्या भिंतीशी करून बघा. अनवाणी उभे राहा, पाय भिंतीकडे सरळ. अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर, म्हणजे पाच-सहा बोटं लांब ठेवा. आता टाच जमिनीला घट्ट ठेवून गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर घोटा ठीक आहे. टाच उचलली गेली किंवा पाऊल आतल्या बाजूला कोसळलं, तर घोटा आखडलेला आहे. दोन्ही पायांची परीक्षा वेगवेगळी घ्या. फुटबॉल खेळताना कधी पाय मुरगळलेला असला तर दोन्हींत हमखास फरक निघतो.

मिरकरवाड्याचा एक मुलगा आला होता. बंदरावर काम करणारा, अंगाने दणकट. मोकळ्या हाताने बसायला सांगितलं तर निम्म्यावर टाचा उचलल्या आणि दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले. सगळ्यांना वाटलं मांड्या कमी पडतायत. भिंतीशी उभं केलं तर चार बोटांवरूनही गुडघा टेकेना. दिवसभर गमबूट घालून उभ्याने काम, त्यात पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. त्याला सहा आठवडे रोज दोन गोष्टी दिल्या. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची आणि तशीच अर्धा मिनिट धरायची, तीन वेळा. आणि दाराची चौकट धरून उकिडवं बसायचं, एक-दोन मिनिटं, वजन एकदा एका घोट्यावर, एकदा दुसऱ्यावर टाकत.

आपल्या आज्या अजूनही उकिडव्या बसून तासभर मासळी साफ करतात. त्यांना ही परीक्षा द्यावी लागणार नाही. खुर्ची आणि कमोड आल्यावर आपल्या पिढीचा घोटा आखडला, आणि मग आपण त्यावर ६० किलो ठेवायला निघालो.

घोटा मोकळा होईपर्यंत स्क्वॉट थांबवायची गरज नाही. टाचांखाली आधार घ्या. बरेचजण अडीच किलोच्या प्लेटा ठेवतात. हलक्या वजनाला चालतं, पण जड वजनाला त्या डगमगतात. मी सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक उतरती फळी करून घेतली आहे, टाचेच्या बाजूला दोन सेंटीमीटर उंच, पुढे निमुळती, खाली रबर ठोकलेलं. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच साधारण एवढीच उंच असते. एवढ्याने नडगी पुढे झुकायला जागा मिळते आणि पाठ सरळ राहते. टाच उंच केल्यावर गुडघा थोडा जास्त पुढे जातो, म्हणून फळीवर आलात की पहिले दोन आठवडे वजन कमीच ठेवा.

घाम म्हणजे वॉर्मअप नव्हे

आपल्या हवेत ही फसगत फार होते. एप्रिल-मे महिन्यात जिमच्या दारात उभं राहिलं तरी बनियन भिजतं. मुलं म्हणतात, अंग तर गरम झालंय, आणि थेट वजन लावतात. तो घाम हवेतल्या दमटपणाचा असतो. गुडघा अजून सकाळी झोपेतून उठला तसाच असतो.

पाच मिनिटं सायकल किंवा भराभर चालणं. मग जमिनीवर पाठीवर झोपून, पाय दुमडून, कंबर वर उचलायची, पंधरा वेळा, प्रत्येक वेळी वर दोन सेकंद थांबून. यामुळे खुब्याचे स्नायू जागे होतात. त्यानंतर मोकळ्या हाताने दहा-पंधरा स्क्वॉट, सावकाश.

मग बार. समजा आज तुमचं कामाचं, म्हणजे मुख्य सेटचं, वजन ८० किलो आहे. रिकाम्या बारने दहा, ४० किलोने पाच, ५५ ने तीन, ७० ने एक किंवा दोन, आणि मग ८०. हे टप्पे गाळून वाचवलेली दहा मिनिटं पुढे महागात पडतात, आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला तर फारच.

बारचं वजनही तपासा. मोठा ऑलिम्पिक बार २० किलोचा, २.२ मीटर लांब, टोकांना ५० मिलिमीटर जाड. पण गावातल्या बऱ्याच जिममधले बार बारीक टोकांचे आणि कमी वजनाचे असतात. साध्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बार हातात घेऊन. फरक वहीत लिहून ठेवा. नाहीतर जिम बदलली की तुमचा हिशेब दहा किलोने चुकतो आणि तो भार गुडघा सोसतो.

पाय कसे ठेवायचे, कसं बसायचं

टाचा खांद्यांइतक्या लांब, पंजे थोडे बाहेर वळलेले. नेमका कोन प्रत्येकाच्या खुब्याच्या ठेवणीप्रमाणे बदलतो, म्हणून दुसऱ्याची नक्कल करू नका. डोळे मिटून जागेवर छोटीशी उडी मारा आणि जसे पडाल तसे पाय बघा. बहुधा तीच तुमची जागा असते.

पावलाचे तीन बिंदू जमिनीला टेकलेले हवेत : अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा आणि टाच. अंगठ्याची बाजू सुटली की गुडघा बाहेर पडतो, करंगळीची सुटली की आत. ओल्या वाळूत पाऊल उमटतं तसं पूर्ण पाऊल उमटलं पाहिजे, असं मी मुलांना सांगतो. सगळे भाट्याच्या किनाऱ्यावर लहानाचे मोठे झालेले, त्यांना ते लगेच कळतं.

पोटात श्वास भरा, पोट चहूबाजूंनी घट्ट करा, आणि खुबा व गुडघा एकाच वेळी मोडा. नुसता खुबा मागे ढकलला तर कंबर वाकते. नुसते गुडघे पुढे नेले तर टाच उचलते. दोन-तीन सेकंद घेऊन खाली जा. धाडकन खाली पडून तळाशी उसळी घेणं मला सगळ्यात घातक वाटतं. त्या क्षणी टेंडन आणि गाद्यांवर मोठा धक्का येतो.

गुडघ्याची दिशा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत. वर येताना गुडघे आत कोसळत असतील तर ते बघायला समोरून मोबाइलवर चित्रण करा. पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला तरी पुरतं. आरशात बघत बसू नका, मान वळते आणि तोलही जातो. दोन पावलांमध्ये जमीन फाडायची आहे अशा जोराने पाय बाहेरच्या बाजूला रेटा, पण पावलं हलू न देता. तरीही गुडघे प्रत्येक वेळी आत येत असतील तर वजन उतरवा. तिथे दुसरी युक्ती नाही.

गुडघा बोटांपुढे गेला तर?

जाऊ द्या. हे इतकं स्पष्ट लिहितोय, कारण मी स्वतः त्या जुन्या नियमाने पोळलो आहे.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अँड्र्यू फ्राय आणि सहकाऱ्यांनी स्क्वॉट दोन प्रकारे मोजला : एकदा गुडघे मोकळे सोडून, आणि एकदा पुढे फळी उभी करून, म्हणजे गुडघे बोटांपुढे जाऊच नयेत. फळी असताना गुडघ्यावरचा आघूर्ण, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला. खुब्यावरचा मात्र सुमारे २८ वरून ३०३ वर गेला. गुडघ्याला थोडा आराम मिळाला आणि त्याची किंमत खुबा नि कंबर यांनी मोजली. माझी कंबर का धरली, ते हे आकडे वाचल्यावर मला कळलं.

खोल बसू नये, या सल्ल्याचीही अशीच गोष्ट आहे. १९६१ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटने गुडघ्याचे बंध (लिगामेंट) सैल पडतात असा निष्कर्ष काढला आणि तो जगभर पसरला. नंतरच्या संशोधकांना तसं आढळलं नाही. अर्ध्यावरून परतणं सुरक्षित वाटतं खरं, पण अर्ध्यावर माणूस कितीतरी जास्त वजन लावतो, आणि तो भार गुडघ्यालाच झेलावा लागतो. टाच टेकलेली आणि कंबर न गोलावता जितकं खाली जाता येईल तितकं जा. मांडी जमिनीला समांतर किंवा थोडी खाली आली तर उत्तम.

आपल्या तालमीतल्या बैठका आठवून पाहा. टाचा उचललेल्या, गुडघे बोटांच्या कितीतरी पुढे, आणि पैलवान शेकड्यांनी मारतात. गुडघा त्या स्थितीत जायला घडलेला आहे. फरक एवढाच की बैठकीत फक्त अंगाचं वजन असतं आणि संख्या वर्षानुवर्षं थोडीथोडी वाढत जाते. म्हणून बैठक आणि जड स्क्वॉट एकत्र मिसळू नका. खांद्यावर बार असताना टाच उचललेली कधीच नको. बैठका वॉर्मअपला किंवा सुटीच्या दिवशी, वीस-तीस, मोकळ्या अंगाने.

वजन वाढवण्याचा वेग

खरं तर हा सगळा लेख मी या भागासाठीच लिहितोय.

स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो. टेंडनला महिने लागतात. पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या मांड्या दर आठवड्याला 'अजून लावा' म्हणत राहतील आणि त्या खरं बोलत असतील. पण वाटीखालचा पट्टा त्यांच्या मागे राहिलेला असतो. त्याचं दुखणं लगेच येत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येतं, नाहीतर माझ्यासारखं तीन आठवड्यांनी.

म्हणून नव्या माणसाने आठवड्यात दोनदा स्क्वॉट मारावा, फार तर तीनदा, मध्ये किमान एक पूर्ण दिवस सोडून. तीन सेट, म्हणजे फेऱ्या, प्रत्येकी पाच ते आठ वेळा. प्रत्येक सेटच्या शेवटी अजून दोन निघाले असते असं वाटायला हवं. वाढ आठवड्याला अडीच किलोची. बारच्या प्रत्येक बाजूला सव्वा किलो, बस्स. तुमच्या जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नसतील तर मालकांना मागवायला सांगा, किंवा दोन विकत घेऊन पिशवीत ठेवा. छोट्या जिममध्ये बऱ्याचदा सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते, मग मुलं एकदम पाच किलोने उडी घेतात. ६० वर पोचलेल्या माणसाला पाच किलो थोडे वाटतात, पण हीच उडी सलग दहा आठवडे घेतली तर तो ११० वर जातो. कुठल्याही नव्या गुडघ्याला तो वेग झेपत नाही. आणि दर चौथ्या आठवड्याला वजन थोडं उतरवा, ८० मारत असाल तर ६० वर या.

आता आपल्याकडचे खंड. कोकणात वर्षभर सलग जिम कुणाची होत नाही. जूनपासून लावणी, मग गणपतीत आठ-दहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, मार्च ते मे आंब्याची गडबड, मध्येच शिमगा. खंड पडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. परत येताना मात्र नियम पाळा. दोन आठवड्यांचा खंड असेल तर आधीच्या वजनाच्या तीन-चतुर्थांशावरून सुरू करा. महिना किंवा जास्त असेल तर निम्म्यावरून, आणि जुन्या वजनाला पोचायला किमान सहा आठवडे द्या. मी तीनच आठवडे दिले होते.

खंडात तुम्ही बसून नसता, हेही हिशेबात धरा. चिखलात दिवसभर वाकून लावणी केली, हापूसच्या पेट्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहिल्या, शिमग्यात रात्रभर पालखी नाचवली, तर त्या दिवशी पायांचं काम झालेलं असतं. पालखी खांद्यावर घेऊन नाचणं म्हणजे गुडघ्यांवर शेकडो छोट्या उड्या. दुसऱ्या दिवशी जड स्क्वॉट नको. माझ्याकडे शिमग्याच्या आठवड्यात पायांचा दिवस नसतोच, त्या दिवसांत आम्ही छाती आणि पाठ करतो.

पट्टे, स्लीव्ह आणि बूट

निओप्रीनची गुडघ्याची स्लीव्ह, बहुधा ७ मिलिमीटर जाडीची, गुडघा उबदार ठेवते आणि थोडा दाब देते. घ्यायची तर घ्या. तिने दुखणं बरं होत नाही. चुकीचा फॉर्म तर मुळीच सुधारत नाही. पावसाळ्यात ती तीन-तीन दिवस वाळत नाही, मग गुडघ्यामागे नायटा येतो. प्रत्येक वेळी धुवा, उलटी करून पंख्याखाली टांगा, उन्हात टाकू नका. कुणाची उसनी घेऊ नका.

गुडघ्याला गुंडाळायचे लांब रॅप वेगळे. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांमध्ये ते २ मीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद असू शकतात. करकचून बांधल्यावर ते खाली जाताना ताणले जातात आणि वर येताना स्प्रिंगसारखे ढकलतात, म्हणून वजन जास्त उचललं जातं. पण वाटी हाडावर दाबली जाते आणि बसण्याची ढबही बदलते. स्पर्धेला उतरणाऱ्यांचं ते साधन आहे. नव्या माणसाने पहिली दोन वर्षं त्याकडे बघू नये.

पळायचे मऊ तळाचे बूट जड स्क्वॉटला वाईट. तळ दबतो, पाऊल डगमगतं आणि गुडघा ते सावरत बसतो. साधे सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट चांगले. स्लिपर घालून तर कधीच नाही. अनवाणी चालेल, पण फक्त कोरड्या रबरी मॅटवर.

पावसाळ्याची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जुलैमध्ये लादीला घाम सुटतो, बारवर तांबेरा चढतो आणि टी-शर्टच्या मानेवर तपकिरी पट्टा उमटतो. रॅकखालची, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडखालची, जागा आधी फडक्याने पुसा. बार तारेच्या ब्रशने घासून त्यावर तेलाचा हलका हात फिरवा आणि जादा तेल पुसून काढा. बार रॅकवरून बाहेर काढताना पाय सरकला तर गुडघा वाकडा पिळवटतो, आणि एवढे दिवस जपलेलं एका क्षणात जातं.

रॅकच्या दोन्ही बाजूंचे सेफ्टीचे दांडे तुमच्या सगळ्यात खालच्या स्थितीच्या दोन बोटं खाली लावा. रिकाम्या बारने खाली बसून तपासा. उठता आलं नाही तर सावकाश दांड्यांवर बार टेकवायचा आणि पुढे निघायचं. गुडघे वाकडे करून, अंग पिळून ती एक खेप पुरी करायला जाऊ नका. दांडे नसतील तर मागे स्पॉटर, म्हणजे बार सावरायला उभा असलेला साथी, हवा, आणि तो काय करणार हे आधी बोलून घ्या. आमच्याकडे वीज मध्येच जाते, त्यामुळे नियम असा आहे : अंधार झाला की जो खाली आहे त्याला दोघांनी धरायचं, बाकी कुणी बार उचलायचा नाही.

दुखलंच तर

मांडीच्या मांसात दोन दिवस ठसठस राहते ती चांगली. गुडघ्याच्या सांध्यात, वाटीखाली किंवा वाटीमागे दुखतं ते वेगळं. मी मुलांना दहापैकी गुण द्यायला सांगतो. तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जात असेल तर चालू ठेवा, वजन वाढवू नका. तिनाच्या पुढे असेल, किंवा सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त असेल, तर कालचं काम जास्त झालं.

तेव्हा पूर्ण अंथरूण धरू नका. दोन-तीन आठवडे काहीच न केलं तर टेंडन आणखी कमकुवत होतो, आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा दुखतो. मी त्या आठ महिन्यांतले पहिले चार असेच घालवले : विश्रांती, बरं वाटलं, वजन लावलं, पुन्हा कळ. आईने रोज रात्री तिळाचं तेल चोळून दिलं. त्याने बरं वाटायचं, झोप लागायची, पण पाखाडीवरची कळ जात नव्हती.

पुढे फिजिओथेरपिस्टकडे गेलो आणि त्यांनी दोन गोष्टी दिल्या. पहिली, भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखं पण थोडं वर, ४५ सेकंद धरून बसायचं. मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा, रोज. पहिल्या दिवशी तिसऱ्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या, पण उठल्यावर गुडघा हलका वाटला. दुसरी, मागे स्टूल ठेवून त्यावर टेकायचं आणि उठायचं. नडगी जवळजवळ उभी राहते, त्यामुळे गुडघ्यावर ताण कमी येतो. आधी रिकामा बार, मग ३० किलो, खाली जायला चार सेकंद, वर यायला तीन.

वहीत रोज दोन आकडे लिहायचो : कालचं वजन, आणि सकाळी पाखाडी उतरताना दहापैकी किती दुखलं. पहिल्या आठवड्यात पाच, पाच, चार. तिसऱ्या आठवड्यात तीन. सहाव्यात एक. दहाव्या आठवड्यात स्टूल काढलं आणि ४० किलोने पूर्ण बसलो. तिथून प्रत्येक बाजूला सव्वा-सव्वा किलो. १०० किलोला परत पोचायला सव्वा वर्ष लागलं. ती वही अजून जिमच्या खिडकीत आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी तीच उघडून दाखवतो, आणि त्यांच्या हातात एक कोरी वही देतो.